विशेष निमंत्रित

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागाच्या विद्यार्थी समितीचं काम माझ्याकडे आलं. 'यंदा तुम्ही बघा मॅडम,' एवढं म्हणून विभागप्रमुखांनी कपाटाची किल्ली दिली. ज्या विभागात मी शिकले तिथेच आज शिकवते, त्यामुळे ते कपाट माझ्या ओळखीचं होतं. जुन्या हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली समितीची इतिवृत्तं सापडली. लांबट रजिस्टरं, लाल कापडाची पाठ, वर सालांच्या चिठ्ठ्या. त्यातलं एक उघडलं तर अक्षर माझंच निघालं. २०१०-११ साली मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि या समितीची सचिव होते.

आधी गंमत वाटली. किती वळणदार लिहायचे मी! मग पानं उलटत गेले तसं अस्वस्थ वाटायला लागलं. त्या वर्षी आमच्या वर्गात एक गोष्ट घडली होती, तिचं मला आजही वाईट वाटतं. त्या गोष्टीचा एक शब्दही वहीत नव्हता. आणि वही माझ्याच हातची होती.

हा लेख म्हणजे त्या वहीची समीक्षा आहे असं समजा. कथा-कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्या बाईने इतिवृत्तावर का लिहावं, असं कुणी विचारेल. पण 'प्रतिनिधित्व' हा शब्द आपण साहित्यचर्चेत सतत वापरतो. कुणाचं जगणं कोण मांडतं, कुणाच्या वतीने कोण बोलतं, यावर आपली चर्चासत्रं होतात. हाच शब्द चर्चासत्राच्या दालनाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एका पदाचं नाव असतो. 'विद्यार्थी प्रतिनिधी'. त्याला खुर्ची असते, सही असते, कधीकधी छातीवर बिल्लाही असतो. तिकडे आपण समीक्षकाच्या नजरेने फारसं बघत नाही.

१

इतिवृत्त हा लेखनप्रकार म्हणून बघितला तर त्यात पहिली गोष्ट जाणवते ती कर्त्याची गैरहजेरी. 'चर्चा करण्यात आली.' 'सर्वानुमते ठरले.' 'लक्ष घालण्याचे मान्य करण्यात आले.' कुणी चर्चा केली, कोण विरोधात होतं, कोण लक्ष घालणार आणि कधी, यातलं काहीही वाक्यात उरत नाही. ही भाषा मला कुणी शिकवली नव्हती. आधीच्या वर्षाची वही बघून मी ती उचलली. त्या मुलीने तिच्या आधीच्या वर्षाची बघितली असणार. असा हा एक वारसा.

दुसरी गोष्ट विषयांची. त्या वर्षीच्या नोंदींत नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत आहे, शिक्षक दिन आहे, अभ्याससहल आहे, भित्तिपत्रक आहे, मराठी भाषा गौरव दिन आहे, निरोप समारंभ आहे. पाहुणे कोण बोलवायचे यावर दोन पानं आहेत. पुष्पगुच्छ द्यायचा की पुस्तक, यावर अर्धं पान. (पुस्तक ठरलं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.) आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली एखाददुसरी ओळ : 'ग्रंथालयाची वेळ वाढवण्याबाबत काही विद्यार्थ्यांनी विनंती केली.' 'मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते याकडे लक्ष वेधण्यात आले.' स्वच्छतागृहाच्या कुलपाची ओळ त्या एका वर्षात तीनदा आली आहे. तीनदा लक्ष वेधण्यात आलं, तीनदा मान्य करण्यात आलं. कुलूप आम्ही बाहेर पडेपर्यंत होतं.

म्हणजे विद्यार्थ्यांचं जगणं समितीच्या वहीत होतं, पण आयत्या वेळी. विषयपत्रिकेवर समारंभ होते.

मी समारंभांना हसत नाही. खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाला स्वागत समारंभात स्वतःचं नाव मोठ्याने सांगायला मिळतं, तेही काहीतरी असतं. भित्तिपत्रकावर पहिली कविता लावलेले काही जण पुढे चांगले कवी झाले. तक्रार एवढीच आहे की समारंभ हे समितीचं काम झालं आणि बाकी सगळं तिची दगदग.

२

आता ती गोष्ट.

आमच्या वर्गात शहाद्याकडचा एक मुलगा होता. शांत. मागच्या बाकावर बसायचा. ग्रामीण कादंबरीच्या तासाला मात्र असं काही बोलायचा की सर थांबून ऐकायचे. त्याची शिष्यवृत्ती आदल्या वर्षापासून अडकलेली होती. परीक्षेच्या अर्जावर कार्यालयाचा शिक्का लागायचा आणि खिडकीवर त्याला सांगितलं गेलं की आधी मागची बाकी भरा, मग शिक्का. शिष्यवृत्ती आली की बाकी भरतो, असं तो म्हणाला. ती आली की या, असं उत्तर मिळालं. तो त्या खिडकीवर किती वेळा गेला हे मला नंतर कळलं. चार वेळा. चारही वेळा एकटा.

२०११ साली २७ फेब्रुवारीला रविवार होता. माझ्या वहीत तशी नोंदच आहे : 'रविवार असल्याने मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम २६ रोजी घेण्याचे सर्वानुमते ठरले.' आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही सभागृहात पताका लावत होतो. विलंब शुल्कासह अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. आमचे अर्ज कधीच भरून झाले होते, त्यामुळे ती तारीख आमच्या डोक्यातही नव्हती. दुपारी तो दारात आला. 'थोडं बोलायचं होतं,' म्हणाला. मी स्टुलावर चढलेले होते, तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढून म्हटलं, 'अरे, उद्या कार्यक्रम झाला की निवांत बोलू.' तो 'बरं' म्हणाला आणि गेला.

तो परीक्षेला बसला नाही. गावी गेला, परत आला नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही निरोप समारंभाची वर्गणी काढत होतो.

यात खलनायक शोधायचा तर खिडकीवरचे क्लार्क सापडतील. पण ते नियम वाचून दाखवत होते, आणि रोज शंभर मुलांना वाचून दाखवत होते. मला आज जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. त्या वर्षी शिष्यवृत्ती अडकलेला आमच्या विभागात तो एकटाच होता का? नव्हता. निदान पाच-सहा जण होते. कुणी घरून पैसे आणले, कुणी उसने घेतले, एकीने कानातले मोडले. प्रत्येकाने आपापलं निभावलं आणि प्रत्येकाला वाटलं की ही आपली खाजगी अडचण आहे. ते सगळे एका कागदावर आले असते तर तो विभागाचा प्रश्न झाला असता. पाच-सहा नावांचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने वर गेलं असतं आणि शिक्का मिळाला असता, असं मी आज खिडकीच्या अलीकडच्या बाजूला बसून जवळजवळ खात्रीने सांगू शकते. असली पत्रं जातात, आणि त्यावर शिक्के मिळतात. पण ती नावं एकत्र करणं हे कुणाचंतरी काम असायला हवं होतं. ते काम ज्यांचं, ते पताका लावत होते.

३

मी सचिव कशी झाले? एम.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिली आले म्हणून. माझ्या नावावर कुणी मत दिलं नाही आणि विरोधातही कुणाला देता आलं नाही. तेव्हा कायदाच तसा होता. विद्यार्थी निवडणुकांमधला हिंसाचार आणि पक्षांचा शिरकाव ही कारणं देऊन महाराष्ट्रात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या थांबवल्या गेल्या. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने वर्गाचा प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. आदल्या परीक्षेत जो पहिला, तो प्रतिनिधी.

वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. हुशार मुलगा, गुंड नाही, अभ्यासू, शिक्षकांना माहीत असलेला. पण नीट बघा. पहिला नंबर टिकवायचा असणाऱ्या विद्यार्थ्याचं सगळ्यात जास्त काही कुणाच्या हातात असतं? शिक्षकांच्या. अंतर्गत गुण, शिफारसपत्र, पुढे पीएच.डी.साठी मार्गदर्शक, त्याही पुढे तासिका तत्त्वावरची नेमणूक. ज्यांच्याशी प्रसंगी वाकडं बोलावं लागेल त्यांच्याच मर्जीवर ज्याचं भवितव्य सर्वांत जास्त अवलंबून, त्याला आपण प्रतिनिधी केलं. शिवाय शिष्यवृत्ती अडकलेला, रोज एसटीने ये-जा करणारा, 'कमवा व शिका'मध्ये काम करून शिकणारा विद्यार्थी पहिला येण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणजे ज्याला अडचणी कमी, तो अडचणी मांडणार. मी त्या मुलाला 'उद्या बोलू' म्हणाले ते दुष्टपणाने म्हणाले नाही. उद्या म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं, कारण माझ्यासाठी तो दिवस कशाचाच शेवटचा नव्हता.

या पद्धतीला आपली कथा-कादंबरी आणि सिनेमा यांनीही नकळत हातभार लावला असं मला वाटतं. विद्यार्थी नेता म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? 'हासिल'मधलं अलाहाबाद किंवा 'गुलाल'मधलं राजस्थान. बंदुका, जीपगाड्या, जात आणि सूड. हे दोन्ही सिनेमे मला आवडतात, त्यांनी दाखवलेलं खोटंही नाही. पण निवडणूक म्हणजे रक्तपात हे समीकरण त्यांनी पक्कं केलं. मराठीत याच्या उलट टोकाला 'कोसला'. १९६३ साली आलेल्या या कादंबरीत खानदेशातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर वक्तृत्व मंडळाचा सेक्रेटरी होतो, गॅदरिंगचं नाटक बसवतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो. सगळीकडे उत्साहाने जातो, मित्रांकडून वापरला जातो आणि शेवटी परीक्षेत आपटतो. पद घेणं हा भाबडेपणा आहे आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते, हा धडा कित्येक पिढ्यांनी त्या कादंबरीतून घेतला. कादंबरीचा तो दोष नव्हे. सांगवीकरच्या एकटेपणाची ती कादंबरी आहे, संस्थेची नाही. पण आपल्याकडे दोनच चित्रं उरली : पद घेणारा एक तर गुंड, नाही तर बावळट. वर्गातल्या सहा जणांची नावं एका कागदावर लिहून पत्र घेऊन जाणारी साधी मुलगी आपल्या कथनात कुठे दिसत नाही. तिच्यात नाट्य नाही म्हणून असेल. मला तर त्या चार फेऱ्यांत आणि न लिहिल्या गेलेल्या एका पत्रात पुरेसं नाट्य दिसतं.

४

पुढे कायदा बदलला. २०१६चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१७च्या मार्चपासून लागू झाला आणि त्यात विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका परत आल्या. अध्यक्ष आणि सचिव विद्यार्थ्यांच्या मतांनी, वर्गाचा प्रतिनिधी वर्गाच्या मतांनी. त्याआधी, २००६ साली, सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करायला सांगितल्या होत्या. उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, खर्च ५,००० रुपयांच्या आत हवा, छापील पोस्टर चालणार नाही, हाताने केलेलं चालेल. २०१९मध्ये महाराष्ट्रात निवडणुका जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. कायद्यात मत आलं, पण विद्यार्थ्याच्या हातात मतपत्रिका यायची ती राहूनच गेली.

तरीही 'निवडणूक घ्या, सगळं सुरळीत होईल' असं मला वाटत नाही. मतांनी निवडून आलेली समितीही पताकाच लावू शकते, अधिक मोठ्या लावू शकते. प्रश्न निवडीइतकाच जागेचाही आहे. निवडून आलेला प्रतिनिधी बसणार कुठे आणि तिथे त्याच्या बोलण्याचं वजन किती?

यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची तक्रार निवारणाबाबतची २०२३ची नियमावली वाचण्यासारखी आहे. या नियमावलीप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक. त्यांत निदान एक स्त्री आणि निदान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असावा, ही चांगली तरतूद आहे. तक्रार आल्यापासून शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तेही चांगलं. निर्णय पटला नाही तर वर लोकपाल आहे. आणि विद्यार्थी? एक विद्यार्थी आहे. अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या गुणवत्तेवर नेमलेला. त्याचा दर्जा 'विशेष निमंत्रित'. बैठकीची गणसंख्या तीन, अध्यक्ष धरून, पण विशेष निमंत्रित वगळून.

विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या समितीत विद्यार्थी हा पाहुणा आहे. तो आला तर उत्तम, नाही आला तरी बैठक पूर्ण भरते. 'विशेष' या विशेषणाने किती मोठं काम इथे केलं आहे बघा. मान दिला आणि मोजणीतून काढलं, दोन्ही एका शब्दात.

याची बाजूही समजून घ्यायला हवी. तक्रारदाराची खाजगी माहिती दुसऱ्या विद्यार्थ्यासमोर यावी का, हा प्रश्न खरा आहे. त्या विद्यार्थ्यावर बाहेर दबाव येईल, ही काळजीही खोटी नाही. पण याच आयोगाच्या २०१५च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत, म्हणजे गोपनीयता जिथे सर्वांत नाजूक तिथे, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी असावेत असं म्हटलं आहे. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन पातळ्यांवरचे, आणि लोकशाही पद्धतीने निवडलेले. तिथे विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवता येतो, तर वसतिगृहाच्या आणि गुणपत्रिकेच्या तक्रारीत का नाही, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

मी अशा तक्रार समितीच्या एका बैठकीत यंदा बसले होते. विशेष निमंत्रित म्हणून आलेली मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर, पाठ ताठ करून, वही उघडून बसली होती. तिने वहीत सगळं लिहून घेतलं. तिला कुणी काही विचारलं नाही. शेवटी चहा आला तेव्हा अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, 'बेटा, तूही घे.' मला माझ्या तोंडातल्या टाचण्या आठवल्या.

५

आमची एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीत शिकते. जर्मन भाषेचा नाद लागून तिकडे गेली. समितीचं काम माझ्याकडे आलंय हे कळल्यावर तिने तिथल्या विभागाच्या विद्यार्थी मंडळाबद्दल फोनवर बरंच सांगितलं. तिकडे त्याला फाखशाफ्ट म्हणतात. पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना घेऊन ते विद्यापीठभर फिरतात, अर्ज कुठे मिळतो, कोणत्या खिडकीवर कधी गर्दी नसते हे सांगतात. जुन्या प्रश्नपत्रिकांचा साठा त्यांच्याकडे असतो. आणि नवा प्राध्यापक नेमायच्या समितीत विद्यार्थ्यांनाही मत असतं. मी म्हटलं, 'काय सांगतेस!' तर म्हणाली, 'मॅडम, फार हुरळू नका. निवडणुकीला मतदान फारच कमी होतं, दरवर्षी तीच चार-पाच मुलं राबतात.' आणि प्राध्यापकांनीही तिकडे हे सहज सोडलेलं नाही. १९७३मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ठरवून दिलं की अध्यापनाच्या प्रश्नांत प्राध्यापकांचं वजन निदान निम्मं हवं, आणि संशोधन व नेमणुकांत त्यांचंच बहुमत हवं. म्हणजे विद्यार्थ्याचं मत निर्णय फिरवू शकतंच असं नाही. पण ते मोजलं जातं.

मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मतापेक्षाही त्या प्रश्नपत्रिकांच्या साठ्याची वाटली. विद्यार्थी दोन वर्षांत जातो, कार्यालय तिथेच राहतं. कार्यालयाला सगळं आठवतं, विद्यार्थ्याला दरवर्षी पहिल्यापासून शिकावं लागतं. शहाद्याच्या मुलाआधीही कुणाचातरी शिक्का अडला असेल आणि कुणीतरी तो मिळवला असेल. कसा मिळवला हे जर वहीत असतं, तर त्याला दारात येऊन 'थोडं बोलायचं होतं' म्हणावंच लागलं नसतं.

६

यंदाच्या समितीत सात जण आहेत. कायद्यातल्या निवडणुका होतील तेव्हा होतील, म्हणून आम्ही वर्गात चिठ्ठ्या टाकून नावं घेतली. पहिला आलेला मुलगा निवडून आला नाही. त्याला वाईट वाटलं, आणि मलाही थोडं त्याच्यासाठी वाटलं. सातांत एक मुलगी अशी आहे की तिची स्वतःची शिष्यवृत्ती गेल्या वर्षी रखडली होती. कुठली कागदपत्रं मागतात, उत्पन्नाचा दाखला कधीचा चालतो, बँकेचं खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे कसे अडकतात, हे सगळं तिला तोंडपाठ. जुलैत ती आणि दुसरा एक जण दोन दिवस लॅपटॉप घेऊन ग्रंथालयाच्या ओट्यावर बसले आणि नव्या मुलांचे महाडीबीटीचे अर्ज भरून दिले. त्यासाठी ठराव झाला नाही, पाहुणे आले नाहीत. विभागाच्या इतिहासात मी पाहिलेला हा सर्वांत उपयोगी कार्यक्रम.

इतिवृत्ताचा नमुनाही आम्ही बदलला. चार रकाने केले : प्रश्न काय, कुणाकडे नेला, कोणत्या तारखेला, काय झालं. 'करण्यात आले' लिहायचं नाही, कुणी केलं त्याचं नाव लिहायचं. मात्र अडचण ज्याची, त्याचं नाव वहीत लिहायचं नाही, फक्त आकडा लिहायचा. 'पाच विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अप्राप्त.' हा आग्रह त्या मुलीचा. 'मॅडम, नाव लिहिलं की कुणी येणार नाही,' असं ती म्हणाली. एकटा माणूस खिडकीवर गेला की तो याचना करतो आणि त्याचा चेहरा लक्षात राहतो. पाच म्हटलं की तो प्रश्न होतो आणि चेहरा झाकला जातो. प्रतिनिधित्वाबद्दल मी वाचलेल्या सिद्धान्तांत हे इतक्या सोप्या शब्दांत कुठे आढळलं नव्हतं.

सगळं छान चाललंय असं नाही. चौथा रकाना बराचसा रिकामा आहे. एका सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'मुलांना फार लिहायला लावू नका, उद्या हीच वही आपल्यावर उलटेल.' त्यांचं अगदीच चूक नाही. उलटावी म्हणूनच तर ती आहे. पण हे त्यांना तोंडावर म्हणायला मला जमलं नाही, मी हसले. आणि मुळात ही समिती माझ्या देखरेखीखाली चालते, हाही पेच आहेच. उद्या एखादा प्रश्न माझ्याच तासांबद्दल, मी दिलेल्या अंतर्गत गुणांबद्दल असेल तर ती मुलगी तो वहीत लिहील का? लिहिला तर मी तो कसा वाचेन? समन्वयक शिक्षक ही जागाच काढून टाकावी असं कधी वाटतं, मग वाटतं की शिक्षकाची सही नसेल तर खिडकीवर कागद सरकत नाही. याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. तूर्त एवढंच केलंय की महिन्यातून एक बैठक ते माझ्याशिवाय घेतात आणि त्या बैठकीची वही त्यांच्याकडेच असते.

दिवाळीत त्या शहाद्याच्या मित्राला फोन केला. नंबर शोधायला दोन दिवस गेले. तो आता गावातच कृषी केंद्र चालवतो, मुलगी पाचवीत आहे. त्याने आवाज लगेच ओळखला. इकडचं तिकडचं झालं, केळीचे भाव झाले, मग मी त्या दुपारचं काढलं. तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, 'अगं, मी तुझ्याकडे अर्जासाठी आलोच नव्हतो. ते सुटणार नाही हे तेव्हा कळलंच होतं. तुझ्याकडे माझं एक पुस्तक होतं, ते मागायला आलो होतो. गावी जायचं होतं ना.' मी विचारलं, 'मग समितीकडे का नाही आलास?' तो म्हणाला, 'कसली समिती?'

पुस्तक माझ्याकडेच आहे. ते कुरिअरने पाठवलं. डिसेंबरच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मुलांनी पहिला विषय घातला आहे तो परीक्षेच्या अर्जाच्या तारखांचा : विलंब शुल्काच्या शेवटच्या तारखेआधी एक आठवडा वर्गावर्गांत जाऊन कुणाचा अर्ज राहिला आहे ते विचारायचं. जबाबदारीच्या रकान्यात दोन नावं आहेत. मराठी भाषा गौरव दिनाचा विषय पाचवा आहे.